भिक्खूंचे भोजनदान : नियम कोणाच्या रक्षणासाठी?

आषाढ पौर्णिमा आली की विहाराविहारांत वर्षावासाची लगबग सुरू होते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन लागते, पांढरी वस्त्रे पेटीतून बाहेर निघतात आणि विहाराच्या फळ्यावर भोजनदानाच्या तारखा लिहिल्या जातात. आश्विन पौर्णिमेपर्यंतचे हे तीन महिने उपासक आणि भिक्खू यांना जवळ आणणारे असतात. याच काळात प्रत्येक वस्तीत काही प्रश्न हमखास विचारले जातात. भन्तेंना काय चालते, काय चालत नाही? बारा वाजून गेले तर काय करायचे? कांदा-लसूण चालतो का? घरात मटण शिजले असेल तर ते वाढावे की लपवावे?

विचारणारी माणसे श्रद्धेने विचारतात. उत्तरे देणारे मात्र बहुधा ऐकीव माहितीवर देतात आणि त्या उत्तरांतून जुन्या धर्माचे सोवळे-ओवळे मागच्या दाराने आपल्या विहारात शिरते. म्हणून आज आम्ही या विषयाकडे वकिलाच्या नजरेने पाहणार आहोत. कायद्याचे कलम हातात आले की आम्ही आधी विचारतो, हे कलम का करावे लागले? तक्रार कोणाची होती? रक्षण कोणाचे करायचे होते? विनयपिटकाचे वैशिष्ट्य असे की, तेथे भगवंतांनी नियमांची यादी आधी करून ठेवलेली नाही. घटना घडली, लोकांनी तक्रार केली, संघ एकत्र आला, चौकशी झाली आणि मग नियम सांगितला गेला. ती घटना नियमासोबत नोंदलेली आहे. आमच्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक कलमाला त्याचा खटला जोडलेला आहे. भोजनाच्या नियमांचे हे खटले वाचले की एक गोष्ट स्वच्छ दिसते. त्यातले कितीतरी महत्त्वाचे नियम अन्न देणाऱ्याच्या, आणि त्यातही गरीब दात्याच्या रक्षणासाठी झालेले आहेत.

पहिला खटला वैशालीचा. तेथील लोक पाळीपाळीने संघाला उत्तम भोजन देत होते. ते पाहून एका दरिद्री मजुराच्या मनात आले, आपणही एक दिवस संघाला जेवू घालावे. तो किरपतिक नावाच्या मालकाकडे राबत होता. त्याने मालकाकडून जादा मजुरी घेतली आणि बुद्धप्रमुख संघाला आमंत्रण दिले. संघ मोठा आहे, विचार कर, असे त्याला सांगण्यात आले. तो म्हणाला की, आपण पुष्कळ बोरे जमवली आहेत, बोरांचे पेय सर्वांना पुरेल. भिक्खूंच्या कानावर हे गेले. मजुराच्या घरी काय मिळणार, असा विचार करून ते सकाळीच भिक्षाटन करून जेवून आले. इकडे गावातल्या लोकांनी मजुराची इच्छा ऐकून त्याच्या घरी भरपूर अन्न पाठवले होते. पंगत बसली. मजूर वाढू लागला तेव्हा भिक्खू म्हणू लागले, थोडे वाढ, थोडे वाढ. मी गरीब आहे म्हणून थोडे घेऊ नका, असे तो विनवू लागला. तेव्हा खरे कारण कळले. आमंत्रण स्वीकारून हे आधीच दुसरीकडे जेवून आले होते. तो मजूर संतापला. मी पोटभर वाढायला समर्थ नाही काय, असा त्याचा सवाल होता.

हा सवाल भगवंतांपर्यंत गेला आणि नियम झाला. एकाचे आमंत्रण स्वीकारल्यावर ते सोडून आधी दुसरीकडे जेवणे हा भिक्खूचा दोष ठरला. पाचित्तिय वर्गातला हा तेहतिसावा नियम. आजारपण, चीवरदानाचा काळ, चीवर शिवण्याचा काळ एवढीच सूट. एका मजुराचा अपमान झाला म्हणून संपूर्ण संघावर बंधन आले. कोणत्या देशाच्या धर्मशास्त्रात हे आढळेल?

दुसरा खटला काणमातेचा. ही श्रावस्तीची श्रद्धाळू उपासिका. तिची मुलगी काणा माहेरी आली होती. सासरहून नवऱ्याचा निरोप आला, लवकर ये. मुलगी रिकाम्या हाताने कशी जाणार म्हणून आईने अपूप, म्हणजे गोड पोळ्या केल्या. तेवढ्यात भिक्खू आला, तिने त्याला दिल्या. त्याने दुसऱ्याला सांगितले, दुसऱ्याने तिसऱ्याला. पोळ्या संपल्या. पुन्हा निरोप, पुन्हा पोळ्या, पुन्हा भिक्खू. असे होता होता नवऱ्याने दुसरी बायको केली. काणा रडत बसली. यावर नियम झाला की, अशा घरातून दोन-तीन पात्रांपेक्षा अधिक घ्यायचे नाही आणि घेतलेले इतर भिक्खूंबरोबर वाटून खायचे. दान घेणाऱ्याच्या हावेमुळे एका मुलीचा संसार मोडला, याची दखल कायद्याने घेतली.

तिसरा नियम तर आमच्या मते अत्यंत दूरदृष्टीचा आहे. श्रावस्तीत एक कुटुंब होते. श्रद्धा वाढत होती आणि संपत्ती घटत होती. घरात असेल ते भिक्खूंना देऊन नवरा-बायको उपाशी राहत. भगवंतांनी अशा घराविषयी संघाने रीतसर ठराव करावा असे सांगितले. त्या घराला 'सेक्खसम्मत कुल' असा दर्जा मिळतो. त्यानंतर आमंत्रण नसताना तेथे जाऊन भिक्खूने अन्न घ्यायचे नाही. आजारी असेल तरच सूट. पाटिदेसनीय वर्गातला हा तिसरा नियम. श्रद्धाळू माणसाची श्रद्धा पिळून घेऊन संस्था मोठी करायची, हा सर्व धर्मांच्या पुरोहितांचा जुना धंदा. येथे मात्र संघ स्वतःच ठराव करून सांगतो की, या घराचे दार आम्ही वाजवणार नाही.

आता बारा वाजण्याचा नियम घेऊ. मध्यान्हानंतर दुसऱ्या दिवशीच्या अरुणोदयापर्यंत भिक्खूने जेवायचे नाही, हा पाचित्तियातला सदतिसावा नियम. पाणी, गाळलेला फळांचा रस आणि औषध यांना मनाई नाही. आजाऱ्याला तूप, लोणी, तेल, मध, गूळ ही पाच औषधे सात दिवसांपर्यंत ठेवता येतात. मज्झिम निकायातील लटुकिकोपम सुत्तात उदायी स्थविर जुने दिवस आठवतात. पूर्वी भिक्खू रात्रीही भिक्षेला फिरत. अंधारात कोणी गटारात पडे, कोणी काट्यांत अडके, कोणी निजलेल्या गाईला अडखळे. एका रात्री वीज चमकली आणि भांडी घासणाऱ्या बाईला दारात उदायी दिसले. भूत समजून ती किंचाळली. पोटासाठी अंधारात दारोदार फिरायचे म्हणजे काय, असे तिने त्यांना चांगले सुनावले. दिवसभर राबून रात्री भांडी घासणाऱ्या त्या बाईला निर्धास्तपणे घरात वावरता यावे, हाही रात्रीचे जेवण सुटण्यामागचा एक लाभ आहे. आणि दात्याला दिवसातून एकदाच संघाची चिंता करावी लागते, हे तर उघडच आहे.

साठवण न करण्याच्या नियमामागेही खटला आहे. आनंदांचे उपाध्याय बेलट्ठसीस हे वाळवलेला भात साठवून ठेवत आणि भूक लागली की भिजवून खात. त्यांचा हेतू वाईट नव्हता. तरीही अडतिसाव्या नियमाने साठवलेले अन्न खाणे बंद झाले. कोठार भरले की भिक्खूला वस्तीत जाण्याचे कारण उरत नाही. रोज दारात यायचे, रोज माणसे पाहायची, कोणाच्या घरी चूल पेटली नाही हे रोज कळायचे. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकात प्रश्न ठेवला आहे की, बुद्धांना भिक्खू म्हणजे केवळ परिपूर्ण माणूस घडवायचा होता, की लोकांची सेवा करणारा, त्यांचा मित्र आणि मार्गदर्शक घडवायचा होता? आमच्या मते या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा भिक्खूच्या रिकाम्या पात्रात आहे.

चाळिसावा नियम आम्हाला फार मोलाचा वाटतो. पाणी आणि दंतकाष्ठ सोडून, कोणी दिल्याशिवाय कोणतीही वस्तू भिक्खूने तोंडात घालायची नाही. वैशालीत एक भिक्खू स्मशानात ठेवलेले मृतांचे नैवेद्य स्वतःच उचलून खात असे, त्यावरून हा नियम झाला. आता याची तुलना या देशातल्या दुसऱ्या कायद्याशी करा. जातीचा कायदा सांगतो, अमक्याचा हात लागला की अन्न बाटले. विनय सांगतो, माणसाच्या हातून दिले गेल्याशिवाय ते अन्न भिक्खूला चालतच नाही. तो हात कोणत्या जातीचा असावा याविषयी एकही नियम विनयात नाही. विहिरीवर पाणी भरणाऱ्या मातंग कन्येकडे आनंदाने पाणी मागितले. तिने जात सांगितली तेव्हा, मी पाणी मागितले, जात विचारली नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. ही कथा दिव्यावदानात आहे आणि बाबासाहेबांनी ती आपल्या ग्रंथात आवर्जून घेतली. २० मार्च १९२७ रोजी ज्यांना चवदार तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्यांच्या लेकरांना या कथेचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

प्रतिष्ठेचा हिशेबही भगवंतांनी मानला नाही. वैशालीत आम्रपालीने आधी आमंत्रण दिले आणि ते त्यांनी स्वीकारले. लिच्छवी सरदारांनी ते भोजन आपल्याला मिळावे म्हणून तिला एक लाख देऊ केले. तिने नाकारले. लिच्छवी भगवंतांकडे गेले, त्यांनीही आम्रपालीला दिलेला शब्द मोडला नाही. शेवटचे भोजन पावा येथील चुंदाच्या घरी झाले. चुंद हा धातुकाम करणाऱ्या कारागिराचा मुलगा. त्याने वाढलेल्या 'सूकरमद्दव' या पदार्थाचा अर्थ कोणी कोवळे डुकराचे मांस असा करतात, कोणी अळिंबी असा. पदार्थ कोणताही असो, त्यानंतर भगवंतांचा आजार बळावला. मृत्यू समोर असताना त्यांनी आनंदाला काय सांगितले? चुंदाला कोणी बोल लावू नये, त्याला पश्चात्ताप होऊ देऊ नये, त्याचे दान श्रेष्ठ दानांपैकी आहे. एवढ्या वेदनेतही त्यांना काळजी होती ती जेवू घालणाऱ्याची.

आता मटणाच्या प्रश्नाकडे येऊ. देवदत्ताने भगवंतांपुढे पाच मागण्या ठेवल्या. भिक्खूंनी मासे-मांस कायमचे सोडावे ही त्यातली एक. भगवंतांनी ती सक्ती मान्य केली नाही. आपल्यासाठी प्राणी मारताना पाहिलेला नसावा, तसे ऐकलेले नसावे आणि तशी शंकाही नसावी, या तीन अटींवर मांस चालते. माणूस, हत्ती, घोडा, कुत्रा, साप, सिंह, वाघ, चित्ता, अस्वल, तरस या दहांचे मांस मात्र वर्ज्य आहे. चीनमध्ये सहाव्या शतकात लिआंग घराण्याच्या वू सम्राटाने भिक्खूंना मांस-मद्य सोडायला लावले आणि तेथे शाकाहार रूढ झाला. श्रीलंका, ब्रह्मदेश, थायलंड येथे तशी सक्ती नाही. एखाद्या भन्तेंनी स्वेच्छेने शाकाहार घेतला तर तो आदराचाच विषय आहे. पण मांस खाणारे घर हलके आणि न खाणारे घर पवित्र, ही भाषा विनयाची नाही. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात बाबासाहेबांनी अस्पृश्यतेचे मूळ आहाराच्या याच राजकारणात शोधले होते, हे आपण विसरता कामा नये.

लसणाचेही तसेच. भिक्खुणींना लसूण वर्ज्य झाला त्याचे कारण सात्त्विक-तामसाचे नाही. एका उपासकाने भिक्खुणींना लसूण देऊ केला होता. थुल्लनंदा शेतावर गेली आणि प्रमाणाबाहेर लसूण उपटून घेऊन आली. राखणदार चिडला. म्हणजे हाही दात्याच्या शेताच्या रक्षणाचाच नियम! भिक्खूंचा लसूण बंद झाला तो वासामुळे. लसूण खाल्लेला एक भिक्खू इतरांना त्रास नको म्हणून धम्मश्रवणाच्या वेळी दूर जाऊन बसला होता. भिक्खुणींच्या नियमात कांद्याला सूट आहे आणि कालवणात पडलेल्या लसणालाही. तेव्हा आपल्या आयाबहिणींनी फोडणी देताना हात आखडण्याचे कारण नाही.

दात्याचे रक्षण एवढ्यावर थांबत नाही, त्याला अधिकारही आहे. कौशांबीचे भिक्खू आपसांत भांडू लागले, भगवंतांचेही ऐकेनात. तेव्हा तेथील उपासकांनी ठरवले की, यांना वंदन नाही आणि भिक्षाही नाही. पोटाला चिमटा बसला आणि भांडण मिटवायला ते भिक्खू श्रावस्तीला धावले. उलट अधिकार संघालाही आहे. संघाचे अहित करणाऱ्या, भिक्खूंत फूट पाडणाऱ्या गृहस्थासाठी ठराव करून संघ 'पात्र उपडे' करतो, म्हणजे त्याचे दान नाकारतो. ब्रह्मदेशात १९९० मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर २००७ मध्ये भिक्खूंनी लष्करी राजवटीतील लोकांसाठी पात्रे उपडी केली. बंदूक हातात असलेल्या राज्यकर्त्यांना भाताचा एक घास नाकारून दोषी ठरवण्याची ताकद त्या पात्रात आहे. ही ताकद टिकायची तर पात्र कोणाच्या उपकाराखाली असता कामा नये.

या कसोटीवर आपल्याकडच्या प्रथा तपासून पाहू या. कितीतरी ठिकाणी भोजनदानाच्या तारखा आधी स्लॅबच्या घरांना मिळतात, पत्र्याच्या घराचा नंबर लागेपर्यंत वर्षावास संपतो. काही ठिकाणी स्वागत, सत्कार आणि भाषणे यांत साडेअकरा वाजतात, पुढाऱ्याची वाट पाहण्यात आणखी वेळ जातो आणि भन्ते घाईघाईने चार घास खातात. पाच पक्वान्ने केली नाहीत तर लोक काय म्हणतील, या भीतीने मोलमजुरी करणारे कुटुंब उसनवारी करते. वैशालीच्या मजुराने बोरांच्या पेयावर संघाला आमंत्रण दिले होते, हे त्या कुटुंबाला कोणी सांगतच नाही. ब्राह्मणभोजन आणि श्राद्धाचे पिंडदान आपण १४ ऑक्टोबर १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांबरोबर सोडून दिले. त्यातला खर्च, मानपान आणि भीती भोजनदानात परत आणली तर आपण नाव तेवढे बदलले, असा त्याचा अर्थ होईल.

म्हणून विहार समित्यांपुढे आम्ही काही सूचना ठेवतो. भोजनदानाची पाळी वस्तीच्या शेवटच्या घरापासून सुरू करा. घरात रोज जे शिजते तेच वाढायचे, भाकरी-भाजी असो की वरण-भात, असा ठराव समितीने करावा, म्हणजे कोणावर ओझे येणार नाही. ज्या घरात आजारपण आहे, कमावता माणूस गेला आहे, त्या घरावर पाळी लादू नका. पण त्या घराने स्वतःहून बोलावले तर सर्वांत आधी त्याचे आमंत्रण घ्या. विनयात दोन्ही गोष्टी आहेत. गरिबाला देण्याचा अधिकार आहे आणि त्याच्या ऐपतीबाहेर मागण्याचा अधिकार कोणालाही नाही.

वेळेचेही असेच. अकरा वाजता ताट भन्तेंच्या हाती दिलेच पाहिजे. भाषणे नंतर करावीत, पुढाऱ्यांनीही नंतर बोलावे. धुणीभांडी करायला सकाळीच बाहेर पडणाऱ्या भगिनींना अकराची वेळ जमत नाही. त्यांनी काय करावे? अरुणोदयानंतर अन्न चालते. विनयात तांदळाच्या पेजेचे, म्हणजे यागूचे, दहा गुण वर्णिले आहेत. कामावर जाताना विहारात पेजेचा डबा देणारी बाई कोणत्याही यजमानापेक्षा कमी दाती नाही. ताट देताना स्त्रियांना मागे ढकलू नका. थायलंडमध्ये भिक्खू स्त्रीच्या हातून वस्तू घेताना कापड पसरतात, श्रीलंकेत थेट हातातून घेतात. कापड ही त्या देशाची प्रथा आहे, विनयाचा नियम नव्हे.

पैशाची बाब स्पष्ट ठेवा. परिनिब्बाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी वैशालीत दुसरी संगीती भरली ती दहा मुद्द्यांवरून. त्यात मध्यान्हानंतर जेवण्याचा मुद्दा होता, मीठ साठवण्याचा होता आणि सोने-चांदी घेण्याचाही होता. संगीतीने ते दहाही अमान्य केले. तेव्हा दान द्यायचे ते विहाराच्या नावाने, पावती घेऊन. नोंदणी झालेल्या विहाराला १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमानुसार हिशेब ठेवणे आणि त्याची तपासणी करून घेणे बंधनकारक आहे. भन्तेंचा प्रवास, औषधपाणी, चष्मा, पुस्तके यांचा खर्च समितीने सन्मानाने करावा. तो केला नाही आणि नंतर भन्ते पैसे मागतात म्हणून कुजबुज केली, तर दोष एकट्या भन्तेंना देता येणार नाही.

पूज्य भिक्खुसंघालाही आमची नम्र विनंती आहे. आमंत्रण स्वीकारताना घर पाहू नये. ताटात काय हवे हे निरोगी असताना सांगू नये, तसा नियमच आहे. जेवणानंतरच्या अनुमोदनात त्या घरातल्या मुलांच्या शाळेची चौकशी व्हावी, दारूने पोखरलेल्या घरात पंचशीलाचा पाचवा नियम समजावून सांगावा, कोणाला रेशनकार्ड नसेल, जातीचा दाखला अडला असेल तर ते वस्तीतल्या शिकलेल्या तरुणांच्या कानावर घालावे. रोज एका घरी जेवणारा भिक्खू तीन महिन्यांत नव्वद घरांची खरी परिस्थिती जाणतो. एवढी माहिती कोणत्याही कार्यकर्त्याकडे नसते.

धम्मबांधवांनो, यंदाच्या वर्षावासात फळ्यावर तारखा लिहिताना वैशालीच्या त्या मजुराला आठवा. त्याचे नावही ग्रंथात नाही, पण त्याचा मान राखण्यासाठी संघाला नियम करावा लागला. आपल्या वस्तीत असा मजूर कोणत्या घरात राहतो ते शोधा आणि पहिली तारीख त्याला द्या.

नमो बुद्धाय! जयभीम!